काडतूस नुसतं ‘खट्ट’ करतं, बार उडत नाही : टोपीला दोष देण्याआधी काय बघायचं

भात निसवलं की आमच्या वाडीत रात्रीची राखण सुरू होते, आणि चार-आठ दिवसांत कुणीतरी सकाळी अंगणात येऊन उभा राहतो. “दादानू, बार उडलो नाय. काडतूसच खराब गावला.”

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून आहे. आजूबाजूला आणखी पाच-सहा परवानाधारक आहेत आणि त्यांच्या बंदुकांचं हेच दुखणं मी वीसेक वर्षं बघत आलोय. बघतो म्हणजे नुसतं बघतोच. बंदूक तिच्या मालकाच्या हातात असते, डोळे माझे असतात. दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायला कायद्याने वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. पण बहुतेक वेळा दुरुस्तीची वेळच येत नाही. काडतुसाची टोपी, म्हणजे बुडाशी असलेली, ठोक्याने पेटणारी चकती, तीसुद्धा बहुतेक वेळा निर्दोष असते. दोष कुठे आहे ते बंदुकीच्या पिनच्या ठोक्याने टोपीवर उमटलेला खळगा सांगतो. तो कुणी बघत नाही, आणि माणूस नवा डबा आणायला पन्नास किलोमीटर गाडी मारून येतो.

तुमच्या बंदुकीचं नेमकं काय होतंय?

चाप ओढला, घोडा पडल्याचा ‘खट्ट’ आवाज आला आणि पुढे काहीच नाही, हा सर्रास दिसणारा प्रकार. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, हा दुसरा. याला लोक ‘चाललं बाबा एकदाचं’ म्हणून सोडून देतात, पण बंदुकीत बिघाड असल्याची सगळ्यात स्पष्ट खूण हीच.

तिसऱ्या प्रकारात ठोका बसतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो. हा रेंगाळलेला बार. चौथ्यात नेहमीचा दणका न येता ‘फुस्स’ किंवा ‘फट’ असा मेलेला आवाज येतो, खांद्याला धक्का जवळजवळ बसतच नाही. पाचव्यात बार उडण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. काडतूस नळीत नीट बसत नाही, किंवा बसतं पण भरायला मोडून उघडलेली बंदूक परत मिटत नाही.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो : हे कधी होतं? श्रावण-भाद्रपदात की पौषात? पहिल्या बाराला की तिसऱ्या-चौथ्याला? उत्तर नीट आठवून द्या, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्या मिनिटात काय करायचं

तपासणीच्या आधी हे, कारण जिवाला धोका इथेच असतो.

‘खट्ट’ झालं की बंदूक आहे त्याच दिशेला धरून ठेवा. नळीचं तोंड मोकळ्या, निर्धोक बाजूला. खाली वाकवून बघायचं नाही, सोबत्याकडे वळायचं नाही, लगेच उघडायचं तर मुळीच नाही. टोपीने अर्धवट पेट घेतला असेल तर बार काही क्षणांनी उडू शकतो, आणि त्या वेळी बंदूक उघडी असेल तर काडतुसाचं बूड तुमच्या तोंडाकडे फुटतं. निदान अर्धं मिनिट थांबावं. मी मनात साठ मोजतो. मग चेहरा बंदुकीच्या मागून बाजूला घेऊन सावकाश उघडायचं.

‘फुस्स’ झालं असेल तर त्या रात्री त्या बंदुकीतून दुसरं काडतूस सोडायचं नाही. टोपी पेटली पण दारू नीट जळली नाही, तर दारू आणि छर्रे यांच्यामधली बुचासारखी दट्ट्या नळीतच अडकून राहिलेली असू शकते. तिच्यावर दुसरा बार गेला की नळी फुटते. डावा हात नेमका तिथेच असतो. बंदूक रिकामी करा, आणि ती उघडी असतानाच बुडाच्या बाजूने नळीतून बॅटरीच्या उजेडाकडे बघा. पलीकडचा पूर्ण गोल उजेड दिसला नाही, तर काम तिथेच थांबवा. गजाने ठोकून काढायचा प्रयत्नही घरी करू नका.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर हा लेख तुमच्यासाठी इथेच संपतो. तिच्यात भरलेली दारू मागून काढून घेता येत नाही आणि ठिणगी आत बराच वेळ धुमसू शकते. न उडालेली ठासणी तोंड सुरक्षित बाजूला ठेवून बराच वेळ तशीच राहू द्या आणि जाणत्या, परवानाधारक मिस्त्रीला कळवा.

पहिली तपासणी : खळगा. खर्च शून्य

न उडालेलं काडतूस दिवसाउजेडी हातात घ्या आणि बूड बघा. मधोमध जी गोल चकती दिसते ती टोपी. कुणी तिला कॅप म्हणतं, कुणी केप. तिच्या आत आघाताने पेटणारा मसाला असतो. तो इतका थोडा की चिमटीतही पकडता येणार नाही. मसाल्याच्या आतल्या बाजूला छोटी ऐरण असते. बंदुकीची पिन टोपीवर बसते, पत्रा आत दबतो, मसाला पत्रा आणि ऐरण यांच्यात चिरडला जातो, ज्योत आत जाते आणि दारू पेटते. सगळा खेळ त्या दबण्यावर आहे. पत्रा पुरेसा दबला नाही, तर जगातली उत्तम टोपीही पेटणार नाही.

आता त्याच बंदुकीतून नीट उडालेलं एक रिकामं काडतूस शेजारी ठेवा. तिकिटं बघायचं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करा. दोन खळगे शेजारी-शेजारी ठेवले की फरक लहान मुलालाही कळतो. (मुलांना काडतुसाजवळ येऊ देऊ नका, ही वेगळी गोष्ट.) जिवंत टोपीला टाचणी, सुई, खिळा असलं काहीही लावून खोली मोजायला जाऊ नका. फक्त डोळ्यांनी.

उडालेल्या टोपीइतकाच खोल, गोल, मधोमध खळगा असेल तर पिनने आपलं काम केलंय. संशय काडतुसावर घ्या.

खळगा उथळ असेल, नुसता ओरखडा किंवा टिंब असेल, तर बहुतेक वेळा काडतूस निर्दोष समजा. दोष बंदुकीचा.

खळगा बाजूला सरकलेला असेल तर पिन वाकलेली असू शकते, तिचं भोक झिजलेलं असू शकतं किंवा बंदूक पूर्ण मिटलेली नसते. खळगाच नसेल, तर पिन तुटली आहे किंवा अडकली आहे.

एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. तरीही दरवर्षी नवे डबे विकत घेतले जातात. शेजारच्या वाडीतल्या एकाने लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या दुकानांतून काडतुसं आणली आणि दोन्ही दुकानदारांना शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी त्याच्या न उडालेल्या चार काडतुसांची बुडं आम्ही पडवीच्या कठड्यावर ओळीने मांडली. चारही खळगे तांदळाच्या कणीएवढे, उथळ, एकसारखे. दोन डबे, दोन वर्षं, दोन दुकानं, पण खळगा एकच. मग दोष कुणाचा हे त्याला सांगावं लागलं नाही.

दुसरी : काडतुसाचं अंग

खळगा खोल असेल तर इथे या. बुडाच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर आहे का? लोखंडी बुडावर गंज आहे का? कागदी नळकांड्याचं काडतूस असेल तर ते फुगलंय का? बोटांत फिरवून बघा. नव्यासारखं गुळगुळीत न लागता मऊ, जाडसर लागलं तर त्याने ओल धरली आहे. पाचवा प्रकार, म्हणजे काडतूस नळीत न बसणं, बहुतेक वेळा याच फुगण्यामुळे होतो. असलं काडतूस अंगठ्याने दाबून, ठोकून बसवू नका. बाजूला ठेवा.

टोपी बुडाच्या सपाटीला आहे की नाही, हेही नखाने न चाचपता आडव्या उजेडात बघा. बाहेर डोकावणारी टोपी बंदूक मिटतानाच दाबली जाऊ शकते. ते काडतूस नळीत घालायचंच नाही. फार आत बसलेल्या टोपीपर्यंत पिन पुरत नाही.

डब्यावर लॉट नंबर आणि साल छापलेलं असतं. माझ्याकडे एक साधी शाळेची वही आहे. डबा आणला त्या दिवशी लॉट, साल आणि तारीख लिहितो, आणि त्या लॉटचं एखादं काडतूस दगा देऊन गेलं तर तेही. एकाच लॉटची दोन-तीन काडतुसं खोल खळगा पडूनही उडाली नाहीत, तर तो लॉट बाजूला काढा आणि जिथून घेतला तिथे वही दाखवा. तोंडी तक्रारीला किंमत नसते, वहीतल्या नोंदीला असते.

तिसरी : ठेवता कुठे?

कोकणातल्या दुखण्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाणी सोडतं, काडेपेटी पेटत नाही. त्याच कपाटात काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा असतो. कारखान्यातून काडतूस कोरडंच येतं, पण त्याचं तोंड हवाबंद नसतं. घडी घालून किंवा चकती लावून दुमडलेलं असतं. ओल हळूहळू त्या बाजूने दारूत जाते. टोपी पेटते, पण दमट दारू धीम्याने जळते किंवा अर्धवट. ‘फुस्स’ आणि रेंगाळलेला बार इथून येतात. लोक म्हणतात ‘टोपी खराब’. टोपीने काम केलेलं असतं, मागची दारू सादळलेली असते.

सादळलेल्या काडतुसावर घरोघरी जे उपाय होतात ते बंद करा. चुलीवरच्या माळ्यावर ठेवणं, उन्हात वाळवणं, तव्याच्या उबेला धरणं. तुमच्या हातात काय आहे ते आठवा. शिवाय एकदा बिघडलेली दारू वाळवून पूर्ववत होत नाही, ती कशी जळेल हे कुणीच सांगू शकत नाही.

मी काय करतो : घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा प्लॅस्टिकचा डबा. आत पुठ्ठ्याच्या मूळ डब्यासकट काडतुसं आणि सिलिका जेलच्या चार पुड्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर बरं. निळं जेल गुलाबी झालं की ते पाण्याने भरलं. मग पुड्या काढून, काडतुसांपासून दूर, कढईत मंद आचेवर कोरड्या करायच्या, थंड झाल्या की परत आत. तांदूळ किंवा मीठ घालून ठेवायची पद्धत मी पाहिलीय. मीठ तर पितळ आणि लोखंड खाऊन टाकतं. डबा कुलपात, बंदुकीपासून वेगळा. भिंतीला लागून नाही, कारण जांभ्याची भिंत पावसाळ्यात आतून पाझरते. खाली लाकडी फळी.

मे महिन्याच्या शेवटी डबा एकदा बंद केला की भात निसवेपर्यंत मी तो उगाच उघडत नाही. प्रत्येक वेळी उघडला की नवी दमट हवा आत जाते. राखणीला जाताना दोन-चार लागतील तेवढीच काढायची. न वापरलेली परत आणली तर ती वेगळ्या पुडीत, आणि पुढच्या वेळी तीच आधी. रात्रभर दवात खिशात फिरलेलं काडतूस कोऱ्यांत मिसळलं की उद्या कोणतं दगा देणार, हे ओळखता येत नाही.

तेल : जास्तीचं आणि चुकीचं

पौषात बार न उडण्याची जी गोष्ट वर विचारली, तिचं उत्तर इथे आहे. मला हे कळायला तीन हिवाळे लागले.

आमचीच बंदूक. भाद्रपदात एकही बार चुकला नव्हता. जानेवारीत काजूच्या बागेत पहाटे गेलो तर पहिल्या ठोक्याला ‘खट्ट’. उन्हं वर आली, तीच बंदूक, त्याच डब्यातलं काडतूस, आणि बार व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. पाऊस नाही, ओल नाही, कोरडी हवा. खळगा बघितला तर पहाटेचा उथळ, सकाळी दहाचा खोल. मग न्हाणीत ठेवलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे लक्ष गेलं. तेल पांढरं, गोठलेलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, आणि आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा वीसच्याही खाली जातो. वडील बंदुकीला खोबरेलच लावायचे, मीही तेच चालवलं होतं. पिनच्या भोकात आणि स्प्रिंगवर बसलेलं ते तेल पहाटे मेणासारखं घट्ट व्हायचं आणि पिनचा ठोका मारून टाकायचं. उन्हं आली की वितळायचं आणि बंदूक शहाण्यासारखी वागायची.

खोबरेलाचा दुसरा दोष असा की जुनं झालं की ते चिकट होतं, त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते आणि राळेसारखा लगदा तयार होतो. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, बंदुकीचं तेल मिळालं तर अधिक चांगलं. तेही किती? चिंधीवर एक थेंब, आणि पुसून झाल्यावर बोटाला ओशट लागेल, ओलं नाही, इतकंच.

कारण जास्त तेलही तितकंच वाईट. बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी ठेवली की नळीतलं तेल ओघळत पिनच्या भोकाशी साचतं. मग त्यात काडतूस घातलं की बूड तेलात. झिरपणारं तेल टोपीच्या कडेने आत शिरलं तर मसाला निकामी करू शकतं. गंज सोडवायचा फवारा तर काडतुसाच्या जवळपासही नको. तो बारीकशा फटीत शिरण्यासाठीच बनवलेला असतो. साफ केल्यावर पहिले एक-दोन दिवस बंदूक तोंड खाली करून, चिंधीवर टेकवून ठेवा, आणि वापरायच्या आधी नळी कोरड्या चिंधीने पुसून काढा.

चौथी : नळी आणि पिनचं भोक साफ करणं

बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. डोळ्यांनी एकदा, करंगळी घालून एकदा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

मग नळीतून आरपार बघा. कुंभारीण माशी हा आपल्याकडचा खरा शत्रू. बारा बोअरच्या नळीचं भोक साधारण साडेअठरा मिलिमीटरचं, तिला मातीचं घर बांधायला अगदी मापाचं. आठ दिवस बंदूक पडवीत टांगलेली राहिली की आत अंगठ्याएवढा मातीचा गड्डा तयार. अशा नळीतून बार काढला तर काय होईल हे दट्ट्याबद्दल लिहिताना सांगितलंच आहे. म्हणून दर वेळी, राखणीला निघताना, काडतूस भरायच्या आधी नळीतून एकदा आभाळ बघायचं. ही सवय मला लावली त्या आजोबांचे मी आजही उपकार मानतो.

पिनच्या भोकाभोवती काळा लगदा असेल तर जुन्या दातांच्या ब्रशला थोडं रॉकेल लावून घासा, कोरडं करा, मग वर सांगितला तो तेलाचा एक थेंब. देवगड-मालवणसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावांत लोखंडावर मिठाचा थर बसतो. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. आधी कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या चिंधीने पुसा, पूर्ण कोरडं करा, आणि मगच तेल. नुसतं तेल चोपडलं की मीठ त्याच्या खाली राहून आपलं काम करत बसतं.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा केली असेल, तर परत मिळाल्यावर ही सगळी तपासणी पहिल्यापासून करा. एका वर्षी माझी बंदूक तीन महिने जमा होती. परत आली तेव्हा पिनभोवती तांबड्या गंजाची कडी आणि नळीत कोळ्याचं जाळं होतं. तेव्हापासून जमा करताना कोरडी पुसून, पातळ तेल लावून, सुती कापडात गुंडाळून देतो, आणि बाहेरच्या अवस्थेचे फोटो काढून ठेवतो.

पाचवी : ढिलेपणा, फक्त ओळखण्यापुरता

साफसफाई झाली, तेल बदललं, तरी खळगा उथळच. मग रिकामी बंदूक मिटवून हलक्या हाताने हलवून बघा. नळी आणि दस्ता यांच्या सांध्यात ‘कुळकुळ’ आवाज येतो का? मिटवल्यावर नळीच्या बुडाशी, उजेडासमोर धरून, फट दिसते का? काडतूस आपल्या बुडाच्या कडीवर टेकून बसतं. मागे जागा जास्त झाली की पिनचा ठोका काडतुसाला पुढे ढकलण्यातच खर्च होतो आणि टोपी नीट दबत नाही. जुन्या बंदुकांत हे झिजेने होतं.

पिनचं टोक भिंगातून बघा. ते गोलसर, गुळगुळीत असायला हवं. चपटं, तुटकं किंवा गंजाने खाल्लेलं असेल तर तुमचं काम इथे संपलं. घोडा पडतो तो जोरात पडतो की आळसावून, हे बघायला रिकाम्या बंदुकीचा चाप पुन्हा पुन्हा ओढू नका, पिन त्यानेच तुटते. त्यासाठी दारू आणि मसाला नसलेलं नकली काडतूस मिळतं, त्यावर एक-दोनदा बघणं ठीक.

स्प्रिंग ताणून लांब करणं, पिन कानशीने घासणं, काडतुसाच्या बुडाखाली पत्र्याची चकती सरकवणं, हे सगळं मी पाहिलंय. घासलेली टोकदार पिन टोपी भोसकते आणि तापलेला वायू मागे डोळ्यांवर येतो. यातलं काही करू नका.

“टोप्या आणून घरीच काडतुसं भरली तर?”

दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच. काही देशांत लोक घरी रिकाम्या काडतुसांना नव्या टोप्या बसवून भरतात, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. स्वस्त पडतं म्हणतात.

आपल्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यात काडतुसं विकत घेण्याची आणि बाळगण्याची मुभा आहे, बनवण्याची नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणजे नुसत्या टोप्यांचं पाकीट घरी सापडलं तरी ते दारूगोळ्यातच मोजलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. चार काडतुसांचे पैसे वाचवायला घर, बाग आणि बापजाद्यांचा परवाना पणाला लावायचा नाही. रिकामी नळकांडी, फटाक्याची दारू, जुन्या टोप्या असलं काही कुणी देऊ केलं तर हात लावू नका. नळीवर किती दाब येईल हे भरणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

एकमेकांना उसनं काडतूसही द्यायचं-घ्यायचं नाही. प्रत्येकाच्या परवान्यावर त्याचीच खरेदी लिहिलेली असते.

भरवसा आणि काटकसर दोन्ही हवी असेल तर ती खरेदीत साधा. पावसाळा दुकानात काढलेला डबा घेण्यापेक्षा त्या वर्षी आलेला डबा मागा, साल वाचून घ्या. कागदीपेक्षा प्लॅस्टिकच्या नळकांड्याचं काडतूस आपल्या हवेत जास्त टिकतं. दोन-तीन वर्षांचा साठा करू नका, लागतील तेवढीच घ्या. एकदम दोन डबे घेत असाल तर एकाच लॉटचे. आणि तुमच्या नळीच्या कोठीची, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाची लांबी ६५ मिलिमीटर आहे की ७० हे नळीवरच्या खुणांवरून मिस्त्रीकडून एकदा समजून घ्या. ७० चं काडतूस ६५ च्या कोठीत न उडालेल्या स्थितीत सहज जातं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. स्वस्तात मिळतंय म्हणून ते घेऊ नका.

जाता जाता एक : बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

मिस्त्रीकडे कधी जायचं

नळीत काही अडकलंय. साफसफाईनंतरही खळगा उथळ किंवा बाजूला आहे. एकच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडतं असं दोनदा झालं. सांधा कुळकुळतो. पिनचं टोक खराब आहे. घोडा ओढलेल्या अवस्थेत टिकत नाही, किंवा बंदूक मिटताना आपसूक पडतो. नळीवर फुगवटा किंवा चीर दिसते, मग ती केसाएवढी का असेना. यातलं एकही असेल तर बंदूक रिकामी करून, कुलपात ठेवून, परवानाधारक मिस्त्रीची वेळ घ्या. तोवर राखणीला डबे बडवा, शेकोटी करा, सोबत घ्या.

न उडालेली, गंजलेली, फुगलेली काडतुसं उघडायची नाहीत, विहिरीत किंवा खाडीत टाकायची नाहीत, जाळायची तर नाहीतच. वेगळ्या डब्यात, वर ‘खराब’ लिहून ठेवा आणि परवाना दाखवून अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. तिथे दिल्याची पावती मागून घ्या.

मिस्त्रीकडे बंदूक नेताना मूळ परवाना सोबत हवा आणि जिवंत काडतूस नको. त्याला दाखवायला फोटो न्या : चांगल्या खळग्याचा एक, वाईट खळग्याचे दोन-तीन, मागे पांढरा कागद ठेवून, दिवसाउजेडी काढलेले. आणि तो विचारायच्या आधी सांगा की हे पहाटे होतं की दुपारी, पावसात की थंडीत, आणि शेवटचं तेल कुठलं लावलं होतं.